दाबाचं चाक खाली बसवलं, निर्मले

इकडे ये, निर्मले. जवळ बस अशी, दारात नको उभी राहू. आणि आधी हे सांग, की शेजारी विरजण आणायले जायचं असलं तरी तू ओट्यावरून हाक मारायची, "बाई, आलीच मी," आणि एवढ्या लांब जाताना तुले एक हाक मारणं झालं नाही का? आपली भिंतीले भिंत लागलेली घरं. त्या दुपारी मी जागीच होती, मटकी निवडत बसली होती. हाक मारली असती तर रुसवा बाजूले ठेवून उठून आली असती. निदान मले तसं वाटतं. तेही आता कोण जाणे.

रागावत नाही तुझ्यावर. रागवायले जोर लागतो, आणि तो सध्या माझ्याजवळ नाही. तेरा दिवस घर माणसांनी भरलं होतं. येणारी प्रत्येक बाई विचारायची, "कशी गेली हो?" आणि मी तेच ते सांगायची, की जेवली, आडवी झाली, चहाच्या वेळी सून उठवायले गेली तर ही नाही. दहा-बारा वेळा सांगून मले माझाच आवाज दुसऱ्या कोणाचा वाटायले लागला. ते सारं तुले सांगत नाही, तुले ते माहीत आहे. तुले माहीत नाही ते सांगायचं आहे, आणि ते आपल्या गिरणीचं आहे.

तुझ्यामागे पहिल्यांदा गिरणी उघडली तेव्हा कुलूप काढायले मले वेळ लागला. चावी लागत होती, हातच चालत नव्हता. आत पिठाचा वास तसाच होता. तराजूवर धूळ बसली होती, आणि मले वाटलं, आता तू येशील आणि पदरानं ती पुसशील.

तीस वर्षं झाली आपल्याले त्या पत्र्याच्या खोलीत. नवऱ्यांनी हौसेनं गिरणी घातली आणि वर्षभरात कंटाळून वावरात निघून गेले, गिरणी राहिली आपल्या दोघी जावांच्या गळ्यात. मी थोरली, म्हणून गिऱ्हाईक सांभाळायची, म्हणजे बोलायची. तू धाकटी, तू यंत्र सांभाळायची. हे कोणी ठरवून दिलं नव्हतं. तुले बोलायचा कंटाळा आणि मले वंगणाचा, म्हणून तशी वाटणी झाली.

मले अक्षरं आली ती त्याच खोलीत. शाळा मी फक्त बाहेरून पाहिलेली. दळणाच्या डब्यांवर रंगानं नावं लिहिलेली असायची, ती पाहून पाहून मी जुळवत गेली. कोणता डबा कोणाचा हे आधीच ठाऊक, मग 'शे' कसा असतो आणि 'वं' कसा असतो ते आपोआप समजायचं. तू सातवी शिकलेली, पण तू डब्यावरचं नाव कधी वाचलं नाही. तू पोच्यावरून ओळखायची. "हा इंदूचा. मागल्या साली बैलगाडीतून पडला होता," असं म्हणून बाजूले ठेवायची. दिवसभरातलं तुझं सगळ्यात लांब बोलणं हेच. आज हे जे मी लिहून राह्यली ते त्या डब्यांच्या जोरावर. चुकलं असलं तर तू हसशील, तोंडावर पदर धरून.

आता दाबाच्या चाकाचं सांगते. तुले कायले सांगायचं म्हणा, पण मले ते सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

चक्की चौथऱ्यावर, मोटर मागच्या खड्ड्यात, आणि त्या दोघींच्या मधात तो हातभर रुंद पट्टा. पट्ट्याचे दोन फेरे, एक वरून जाणारा, एक खालून परत येणारा. खड्ड्यात खालच्या फेऱ्याले टेकलेलं एक लोखंडी चाक. ते काही दळत नाही, काही ओढत नाही. नुसतं पट्ट्याले खालून वर दाबून धरतं, म्हणजे तो ढिला पडत नाही. मिस्त्री त्याले आयडलर म्हणतो, आपण दाबाचं चाक म्हणायचो. रोज सकाळी तू तेलाची कुपी घेऊन त्या खड्ड्यात उतरायची. तेल मुरावं म्हणून मोटर रिकामी फिरू द्यायची, चांगली दहा मिनिटं लावायची, मग मले खूण करून ती बंद करवायची. वर येताना एक हात चौथऱ्याले, एक हात गुडघ्याले, आणि हळूच "आई व". तुझ्या गुडघ्याचा आवाज मले तराजूपाशी ऐकू यायचा. मी त्यावर कधी काही बोलली नाही. पण ऐकत होती, वर्षानुवर्षं.

होळीच्या आसपास त्या चाकाचं बेअरिंग गेलं. घरघर, घरघर, जणू म्हातारं माणूस झोपलं आहे. तू भाचीच्या लग्नाले वडनेरले गेली होती. मी जळगाव जामोदच्या बाजारात गेली. आपल्या चक्कीच्या कंपनीचं चाक मिळेना. दुकानदारानं दुसरंच काढून दाखवलं, चकचकीत. "हे बी बसते काकू. उलट जास्त चालीन." मी घेतलं.

आणि आता ऐक, हे तुले मी कधीच सांगितलं नाही. मिस्त्री ते खड्ड्यात बसवायले निघाला तेव्हा मी त्याले थांबवलं. म्हटलं, "खाली नको. वर बसव."

तो म्हणाला, "मावशी, पयलं खाली होतं ना."

"खाली उतरून उतरून जाऊचे गुडघे गेले. वर बसव, म्हणजे उभ्यानं तेल घालता येईन तिले."

त्यानं डोकं खाजवलं. "तसं पाह्यलं तं दाबायचंच हाये. वरून दाबा का खालून दाबा."

झालं. दोघांच्या शहाणपणानं चाक वरच्या फेऱ्यावर बसलं. मी त्याले हळदकुंकू लावलं, आणि तू यायची वाट पाहत बसली. तू आली, पिशवी खाली ठेवायच्या आधी चाकाकडे पाहिलं आणि विचारलं, "वर काऊन?"

तेव्हा म्हणायचं होतं, तुझ्यासाठी. म्हटलं काय, तर "आता नवीन पद्धत हाये." आपल्यात तसं बोलायची रीतच नव्हती. तुझ्यासाठी लुगडं आणलं तरी मी म्हणायची, याचा रंग मले नाही आवडला, तूच नेस. आणि तूही ते माझ्यासमोर घडीत ठेवायची, मग आठ दिवसांनी नेसून यायची.

दुसऱ्याच दिवसापासून पट्टा घसरायले लागला. रिकामी चक्की छान फिरायची. वर दाणे ओतले की चीं करून ओरडायची, जळल्या रबराचा वास, आणि पीठ निघायचं गरम, जाडं. काय काय नाही केलं. राळ कुटून पट्ट्यावर टाकली, दोन दिवस चाललं. पट्टा दोन बोटं कापून परत क्लिपा मारल्या. मोटर मागे सरकवून ताण दिला, तर मोटरच अशी तापली की हात लावता येईना. तू हे सारं बाजूले उभी राहून पाहत होती. दोनदा काहीतरी म्हणायले आली, आणि दोन्ही वेळा मी गिऱ्हाइकाशी बोलत होती.

आणि त्यातच उडदाचे दिवस. पापडाची बाई थांबत नसते, निर्मले, तिले कवळं ऊन पाहिजे आणि त्याच्या आधी पीठ पाहिजे. त्या दिवशी आठ-दहा जणी डबे घेऊन उभ्या. शेवंतानं पीठ चिमटीत धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मोठ्याबाई, हे पीठ हाये का रवा? याचे पापड लाटू का चाळण्या लाटू?" बाया हसल्या. तेवढ्यात पट्टा ओरडला आणि सुटून खड्ड्यात पडला.

तू हातात फडकं घेऊन उभी होती. रोज सकाळी पट्टा पुसायची ते. मी वळली आणि तुलेच धरलं. म्हटलं, "त्या तेलकट फडक्यानं पुसते अन् मंग घसरते. इतकी वर्षं झाली, तुले एवढं समजत नाई का?"

तू म्हणाली, "बाई, थे वरचं चाक..."

"चाकाचं नाव नको काढू. चाक मी आणलं म्हणून खुपते तुले."

तू फडक्याची घडी केली, चौघडी, तराजूवर ठेवली आणि घरी निघून गेली. चप्पल घालायलेसुद्धा थांबली नाही. ती मीच संध्याकाळी सुवर्णेच्या, तुझ्या सुनेच्या हाती पाठवली.

आता जे सांगते ते कोणालेच सांगितलेलं नाही. तू गेल्यावर ते फडकं मी उचललं. वास घेतला. साबणाचा वास होता. तेलाचा डाग नावाले नव्हता. म्हणजे तुझ्यावर खोटा आळ घातला हे मले त्याच दुपारी समजलं होतं, निर्मले. नंतर नाही, त्याच दुपारी. बाया अजून दारात होत्या. मी ते फडकं खुंटीले अडकवलं आणि पुढचा डबा घेतला.

मग काऊन नाही आली? मीच मले विचारते. सकाळी वाटायचं, संध्याकाळी जाईन. संध्याकाळी पाय दुखायचे, वाटायचं, उद्या. आणि खरं सांगू का, थोरलीनं धाकटीच्या दारात जाऊन चुकलं म्हणायचं, हे मी कधी केलं नव्हतं, त्याची वाटच मले माहीत नव्हती. तू पाठवली भरताची वाटी. सुवर्णा देऊन गेली, "आईनं देल्लं," एवढंच म्हणाली. मी वाटी रिकामी नाही पाठवली, गुळाचा खडा ठेवून पाठवली. आणि तेवढ्यावर मी समजली की मिटलं. एका वाटीवर. कशी गं मी.

तीन आठवडे असे गेले. अंगणात आपण दिसायचो एकमेकींले. तू कपडे वाळू घालायची, मी तुळशीले पाणी घालायची. एकदा तू म्हणाली, "आज ऊन लै हाये." मी म्हटलं, "हाव." हे आपलं शेवटचं बोलणं. ऊन लै हाये, हाव. तीस वर्षं एका खोलीत काढलेल्या बायांचं.

तेरावं झाल्यावर सुवर्णेसोबत तुझी लुगडी घड्या करत बसली होती. ती मधातच म्हणाली, "मोठ्या आई, एक सांगू का? रागावसान नाई?"

"बोल."

"आई दुपारी ओट्यावर बसत. गिरणीतून पट्टा वाजला का म्हणत, 'पाय, घसरला. पट्ट्याच्या ओढत्या अंगाले दाबलं तं घसरीनच. ढिल्या अंगाले दाबा लागते.' रोज म्हणत. एकदा तं चप्पल बी घातली. म्हणे, 'जाते, सांगून येते बाईले.'"

"मंग?"

पोरगी लुगड्याकडेच पाहत राहिली. "मंग काढली चप्पल. म्हणे, राहू दे. त्याइच्यानं ऐकणं होत नाई."

मी घड्या करत राहिली. तुझं ते हिरवं लुगडं मी तीन वेळा घडी केलं आणि तीन वेळा मोडलं.

गिरणी उघडली ती याच्या दुसऱ्या दिवशी. आधी सांगितलं ना, हात चालत नव्हता, तो त्यामुळे. सुवर्णेले सोबत नेलं. तिले म्हटलं, तू वर थांब, मी खड्ड्यात उतरते. ती म्हणाली, "तुम्ही?" इतक्या वर्षांत मी त्या खड्ड्यात कधी उतरलीच नव्हती. बसून बसून, एकेक पाय सोडत उतरली.

खाली तुझा पाट होता. त्यावर पोत्याची घडी. मागच्या भिंतीचा एक तुकडा तुझ्या पाठीनं घासून गुळगुळीत झालेला. पत्र्याच्या फटीतून समोर चिंचेचं बूड दिसतं आणि त्याच्या मागे सातपुड्याची निळी रेघ. तिथे बसलं की गार वाटतं. आणि सुवर्णेनं मोटर चालू करून पाहिली तेव्हा आणखी एक समजलं. मोटरच्या आवाजात वरचं बोलणं तिथे काहीच ऐकू येत नाही. ती मले वरून काहीतरी विचारत होती, नुसते ओठ हलताना दिसत होते. माझा आवाज तर तिच्याहून मोठा, दिवसभर चालणारा, पण तोही तिथे पोचत नसणार. रोज सकाळची ती दहा मिनिटं तुझी होती, निर्मले. माझ्यापासून सुटका. गुडघे दुखले तरी तुले ती पाहिजे होती. आणि मी तुझ्याच गुडघ्यांच्या नावानं ती काढून घेतली. मले हसू आलं आणि मग बराच वेळ उठता आलं नाही.

सुवर्णेले हातानं खूण केली, ज्वारी ओत. मी भिंतीले टेकून पाहत बसली. दाणे पडले, दगडावर भार आला, तसा वरचा फेरा दोरीसारखा ताठ झाला आणि त्यानं नव्या चाकाले वर उडवून लावलं. आणि खालचा फेरा, माझ्या डोळ्यांसमोर, ओल्या लुगड्यासारखा लोंबायले लागला. मग चीं. वर उभं राहून हे दिसतच नाही. वरून सगळं चांगलं दिसतं. ते फक्त तुझ्या पाटावर बसूनच दिसतं, म्हणून ते फक्त तुले माहीत होतं.

मिस्त्रीले बोलावलं. म्हटलं, चाक खाली घे. तो उतरला, पाहिलं, जुनी भोकं सापडली, पण नव्या चाकाचे बोल्ट त्यात बसेनात, आणि ते बोटभर अरुंदही निघालं, पट्ट्याची कड बाहेर जायची. मग लोखंडी पट्टी कापून आणली, तिले नवी भोकं पाडली. मी सुतळी मागितली. तू करायची तशी ती मोटरच्या चाकापासून चक्कीच्या चाकापर्यंत ताणून धरली. तो दाबाचं चाक तिच्या रेषेत आणत होता, मधात वायसरची चकती घाल, काढ, घाल, काढ, आणि मी वरून "अजून, अजून, थांब" म्हणत होती. कापलेला पट्टा आखूड पडत होता, म्हणून मोटर परत पुढे सरकवली. चालू केलं. दाणे ओतले. पट्टा गप राहिला.

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "मावशी, कंपनीनं खाली देल्लं होतं थे उगीच नव्हतं."

"धाकटी जाऊ सांगून राह्यली होती."

"मंग ऐकलं नाई काय?"

"नाई."

त्यानं हत्यारं पिशवीत टाकली आणि चहा न घेता गेला.

चार दिवसांनी शेवंता आली, उरलेला उडीद घेऊन. पीठ चिमटीत घेतलं, चोळलं, काही बोलली नाही. चांगलं असलं की ती बोलत नाही, तुले माहीतच आहे. डबा उचलताना म्हणाली, "आता नीट झालं वाट्टे. कोणं केलं?" खोलीत पाच-सहा जणी होत्या, त्या दिवशीच्याच बऱ्याचशा. मी म्हटलं, "निर्मलेनं. चाक कुठं पाह्यजे हे तिनं आधीच सांगतलं होतं. मीच ऐकलं नाई." शेवंता डबा तसाच धरून उभी राहिली. "धाकट्याबाई तशा कधी चुकत नव्हत्या," म्हणाली आणि गेली.

पण फडक्याचं मी त्यांच्यासमोर नाही काढलं. हिंमत झाली नाही, आणि खरं म्हणजे ते त्यांचं देणं नाहीच. ते तुले सांगायचं होतं. आता सांगितलं. कोरडं होतं ते फडकं, निर्मले. तुझा हात कधीच चुकला नव्हता. चुकलं ते माझं तोंड, आणि त्याच्या मागून माझे पाय, जे बारा पावलं चालून तुझ्या दारात आले नाहीत.

आता फार दमायले होतं. दळणं कमी झाली तरी दमते. सुवर्णा म्हणते, मोठ्या आई, दुपारचं बंद ठेवत जा. मी नाही ठेवत. कारण दुपारी दोन ते चारच्या मधात गिऱ्हाईक नसतं. मोटर बंद असते, सारं गाव पडलेलं असतं, खोलीत आवाज नसतो. घरी नको येऊ, घरी कोणी ना कोणी असतं. गिरणीत त्या वेळेले ये. त्या दिवशी "थे वरचं चाक" एवढंच तू म्हणाली आणि मी तुले तिथंच तोडलं. पुढचं मले सुवर्णेच्या तोंडून समजलं आहे, पण तुझ्या तोंडून ऐकायचं राहिलं. आणि चाकाशिवाय काही असलं, तीस वर्षांतलं कितीही जुनं, तू म्हणायले आली आणि मी गिऱ्हाइकाशी बोलत राहिली असं काही, तर तेही घेऊन ये. सारं पुरं बोल. मी मधात एक शब्द टाकणार नाही. उन्हाळा संपायच्या आत ये, निर्मले. जमलं तर याच आठवड्यात ये.